टंगस्टन आणि तांबे यांची संगत

दक्षिण फ्रान्समधील कादाराश येथे, भारताच्याही भागीदारीने, उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या संलयन-भट्टीत हायड्रोजनच्या समस्थानिकांचा प्लाझ्मा 15 कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयाचा असून, संलयनातून उरणारा हेलियम आणि उष्णता बाहेर काढण्याची जोखीम तळाशी बसवावयाच्या ‘डायव्हर्टर’च्या 54 खंडांवर सोपविलेली आहे. तेथे दर चौरस मीटरला 10, प्रसंगी 20 मेगावॉट इतका उष्णतेचा मारा होणार; तो सोसावयास 3,422 अंशांवर वितळणाऱ्या टंगस्टनचे ठोकळे पुढे, आणि त्यांच्या उदरातून गेलेली, तांबे, क्रोमियम व झिर्कोनियम यांच्या मिश्रधातूची जलवाहिनी, अशी तजवीज आहे. खरी अडचण या दोन धातूंच्या संगतीत आहे, कारण तापल्यावर तांबे टंगस्टनच्या जवळजवळ चौपट प्रसरण पावते व सांधा उखडू पाहतो. म्हणून दोहोंमध्ये शुद्ध, मऊ तांब्याचा पातळ थर घालतात; तो स्वतः दबून ताण सोसतो, आणि या साऱ्या रचनेत मला तोच सर्वांत विलक्षण वाटतो. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने टंगस्टन ठिसूळ होत जाते, त्याचा पुरता बंदोबस्त मात्र अद्याप झालेला नाही. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतही अशा ठोकळ्यांच्या जोडणीचे प्रयोग झालेले आहेत.