त्वचेवरील व्रण आणि देहाचे हुकूम

राजस्थानात बिकानेरच्या परिसरात, डासाहूनही लहान अशी वालुमक्षिका चावून गेल्यावर काही आठवड्यांनी चेहऱ्यावर वा हातावर एक तांबूस पुटकुळी उठते, ती सावकाश फुटून उंच कडांचा आणि बहुधा न दुखणारा व्रण होतो, आणि महिनोन्‌महिने ठाण मांडून तो बरा झाला तरी त्याचा खोलगट वण जन्मभर राहतो. इंग्रजी अमदानीत या विकारास 'दिल्लीचे गळू' म्हणत. अशाच एका गळवात कलकत्त्याच्या डेव्हिड कनिंगहॅम यांनी १८८५ साली परोपजीवींचे सूक्ष्म पिंड पाहिले होते.

हा लीशमॅनिया नावाचा जीव ज्या भक्षकपेशीने त्याचा नाश करावा तिच्याच उदरात बिऱ्हाड करतो. त्याला मारणारा नायट्रिक ऑक्साइड निर्माण करण्याचे सामर्थ्य त्या पेशीत असते; परंतु टी-पेशींकडून इंटरफेरॉन-गॅमा या प्रथिनाच्या रूपाने हुकूम आल्यावाचून तिचा हात पुरता उचलत नाही. इंटरल्यूकिन-४ हे प्रथिन मात्र नेमका उलटा हुकूम देते. १९८९ साली रिचर्ड लॉक्सली प्रभृतींनी दाखविले, की त्याच जंतूच्या संसर्गातून बरे होणाऱ्या काळ्या उंदरांत पहिल्या प्रथिनाचा अंमल असतो, तर व्रण चिघळून मरणाऱ्या पांढऱ्या बाल्ब-सी उंदरांत दुसऱ्याचा. आणि या पांढऱ्या उंदरांना संसर्गाच्या आरंभीच इंटरल्यूकिन-४ निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे टोचली, तर तेही बरे होतात. जंतू तोच आणि मात्राही तीच असता, केवळ आरंभीच्या हुकुमावर जीवनमरण ठरावे, ही गोष्ट मला या साऱ्या शास्त्रातील सर्वांत विलक्षण वाटते.

परंतु पहिला हुकूम जितका कडक तितके बरे, असे मात्र नाही. ब्राझीलमध्ये नाक आणि टाळू झडविणारा जो श्लेष्मल प्रकार आढळतो, त्यात जंतू अत्यल्प असतात. ऊतकांचा विध्वंस होतो तो इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ हे दाहकारक प्रथिन यांच्या अतिरेकामुळे, आणि म्हणूनच तेथील वैद्यांनी अँटिमनीच्या औषधाच्या जोडीला टीएनएफ आवरणारे पेंटॉक्सिफायलिन देऊन पाहिले व त्याचा गुण आला. देहाचा हा जंतूंवरील मारा आवरता ठेवणारे प्रथिन म्हणजे इंटरल्यूकिन-१०. त्याच्याच आश्रयाने काही जंतू बऱ्या झालेल्या वणाखाली टिकून राहतात. आणि उंदरांत असे दिसले आहे, की हे उरलेले जंतू समूळ नाहीसे झाले तर पुढील संसर्गापासूनचे संरक्षणही ओसरते. मध्यपूर्वेत मुलाच्या झाकल्या अंगावर जिवंत व्रणातील द्रव टोचून त्याचा चेहरा वाचविण्याची जी जुनी चाल होती, तिने मिळणारे रक्षण असा जिवंत जंतू देहात शिल्लक राहण्यानेच दीर्घकाळ टिकत असावे.