चाल ओळखावी कशी?

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्मसोहळा मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली झाला. तेथे यंत्रेच चालावयाची, अशी आमची समजूत. आमचा पुतण्या मात्र तेथे संगणकावर माणसे चालवितो!

त्याने कृती समजावून दिली. नटास घट्ट पोशाख घालून सांध्यासांध्यावर चकाकणारे लहान गोळे लावतात. भोवतालचे कॅमेरे प्रत्येक गोळा क्षणोक्षणी टिपतात. निदान दोन कॅमेऱ्यांस तो दिसला, तरच त्याचे नेमके स्थान गणिताने निघते. त्या हिशेबावर संगणकातील सांगाडा हलू लागतो.

ही जिज्ञासा नवी नव्हे. १८७८ साली मायब्रिजने धावत्या घोड्याची छायाचित्रे घेऊन त्याचे चारही पाय क्षणभर अधांतरी असतात, हे दाखविले. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी तर आगकाड्यांनाही पडद्यावर नाचविले. त्याहीपूर्वी भरतमुनींनी नाट्यशास्त्रात उत्तम पात्राचे पाऊल चार ताल, मध्यमाचे दोन आणि अधमाचे एक ताल अंतरावर पडावे, असा नियम घातला. वृद्धाची गती निराळी सांगितली.

पुतण्याने घरी एक चित्र दाखविले. पांढऱ्या केसांचे आजोबा पाटावरून उठून चालू लागले. आमची मंडळी तत्काळ म्हणाली, “हा म्हातारा नव्हे, म्हातारपण पांघरलेला पोरगा आहे!” आणि ते खरेच होते, हालचाल एका तरुण नटाची घेतली होती. सुरकुत्या काढता येतात, परंतु वय शरीराचा भार तोलण्यात असते.

“काका, तुम्ही उठून दाखवता का?” पुतण्याने विचारले. आम्हांस थोडा रागच आला. तथापि पाटावर बसलो आणि उठलो. एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीस. उभे राहिल्यावर क्षणभर थांबून मग पाऊल.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. नंतर हळूच म्हणाला, “काका, डावा पाय केव्हापासून दुखतो?”

तीन महिने आम्ही ते दुखणे लपविले होते. एका छपराखाली नऊ माणसे. कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. दुसऱ्याच दिवशी वैद्यकीय तपासणी झाली, आणि उपचारही सुरू झाले.

चित्रातील आजोबा आता आमच्यासारखे उठतात, असे कळते. त्याचे कौतुक आहेच. परंतु वाचकहो, आज संध्याकाळी आपल्या घरातील वडीलधारी माणसे पाटावरून कशी उठतात, तेवढे एकदा पाहा. त्यास कोणतेही यंत्र लागत नाही.