केगची स्वच्छता व देखभाल

केग म्हणजे बिअर किंवा अन्य वायुयुक्त पेय दाबाखाली साठवण्याचे बंद पिंप होय. ते बहुधा स्टेनलेस स्टीलचे असते. बाटलीप्रमाणे ते पारदर्शक नसल्याने आतील मळ सहज दिसत नाही. धुणे आणि निर्जंतुक करणे या दोन स्वतंत्र क्रिया असून पहिली पूर्ण झाल्याखेरीज दुसरी परिणामकारक ठरत नाही, हे केगच्या स्वच्छतेचे मूलतत्त्व आहे.

रचना

घरगुती वापरात सुमारे १९ लिटर क्षमतेचा कॉर्नेलियस केग विशेष प्रचलित आहे. मुळात तो शीतपेयांच्या पाकासाठी बनवला गेला. पुढे शीतपेयांचा पाक खोक्यातील पिशव्यांतून येऊ लागला, तेव्हा जुने केग घरगुती मद्यनिर्मिती करणाऱ्यांच्या हाती आले. त्याला लंबगोल झाकण, झाकणाची रबरी रिंग, दाब मोकळा करणारी सुरक्षा झडप, वायू आत जाण्याची एक व पेय बाहेर येण्याची एक अशा दोन जोडण्या असतात. पेयाच्या जोडणीपासून तळापर्यंत एक लांब नळी जाते. प्रत्येक जोडणीत स्प्रिंगवर चालणारी छोटी झडप असते.

मळाचे स्वरूप

केगमध्ये दोन प्रकारचा मळ साठतो. यीस्ट, प्रथिने व हॉप्सची राळ हा सेंद्रिय मळ अल्कधर्मी द्रावणाने निघतो. कॅल्शियम ऑक्झॅलेटचा कठीण थर, ज्यास बिअरस्टोन म्हणतात, तो मात्र आम्लाने विरघळतो. अशा थरांच्या आडोशाला जिवाणूंचा चिकट पापुद्रा वाढतो. लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंमुळे पेय आंबते. त्यांतील काहींमुळे त्यास लोण्यासारखा वास येतो. ॲसिटिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंना हवा मिळाल्यास पेयाला शिरक्याची चव येते.

धुण्याची पद्धत

१. वायूचा पुरवठा तोडून सुरक्षा झडपेतून सर्व दाब सोडावा. त्यानंतरच झाकण उघडावे.
२. उरलेले पेय व गाळ लगेच ओतून कोमट पाण्याने विसळावे. मळ वाळल्यास तो काढणे अवघड जाते.
३. जोडण्या, नळी, झडपा व रबरी रिंगा सुट्या कराव्यात. दोन्ही जोडण्यांचे भाग वेगवेगळे ठेवावेत, कारण ते दिसायला सारखे असले तरी परस्परांना बसतीलच असे नाही.
४. सोडियम परकार्बोनेटसारख्या अल्कधर्मी क्षालकाचे सुमारे ५० ते ६० अंश सेल्सियस तापमानाचे द्रावण भरून अर्धा तास ठेवावे. वरच्या भागासाठी झाकण न लावता केग द्रावणाच्या बादलीत काही वेळ उलटा ठेवावा.
५. लांब नळी बारीक ब्रशने आतून घासावी. सर्वाधिक मळ येथेच अडकतो.
६. स्वच्छ पाण्याने पुन्हा विसळावे. पांढरट थर दिसल्यास आम्लयुक्त क्षालक वापरून पुन्हा धुवावे.

निर्जंतुकीकरण

स्वच्छ दिसणाऱ्या केगमध्येही सूक्ष्मजीव असू शकतात. त्यासाठी पेरासेटिक आम्ल, फॉस्फोरिक आम्लावर आधारित द्रावण किंवा आयोडोफोर निर्मात्याने सांगितलेल्या प्रमाणातच वापरतात. द्रावण झाकण, झडपा आणि नळी या सर्वांना लागले पाहिजे. म्हणून ते वायूच्या दाबाने नळीतून बाहेर काढले जाते. कपडे धुण्याचे क्लोरीनयुक्त ब्लीच वापरू नये, कारण क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलवर बारीक खड्डे पडतात.

देखभाल

स्टेनलेस स्टीलचे गंजण्यापासून रक्षण क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर करतो. लोखंडी घासणीने तो खरवडला जातो आणि लोखंडाचे कण मागे राहून गंज धरतो. रबरी रिंगा प्रेशर कुकरच्या रिंगेप्रमाणेच कालांतराने कडक होतात व पेयाचा वासही धरून ठेवतात. त्या ठरावीक काळाने बदलाव्यात. त्यांवर खाद्यपदार्थांसाठी योग्य असे सिलिकॉन ग्रीस लावतात. पेट्रोलियम जेलीमुळे काही प्रकारचे रबर फुगते. जोडणीनंतर साबणाचे पाणी लावून गळती तपासता येते. बुडबुडे आल्यास रिंग बदलावी किंवा नीट बसवावी.

सुरक्षितता

दाब असताना जोडणी उघडल्यास तिचे भाग वेगाने उडून इजा होऊ शकते. २०१२ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात एका बिअर कारखान्यात प्लास्टिकचा केग साफ करताना फुटून एका कामगाराचा मृत्यू झाला. कॉस्टिक सोडा कार्बन डायऑक्साइड शोषतो. त्यामुळे द्रावणाची शक्ती घटते, तसेच बंद पात्रात निर्वात निर्माण होऊ शकतो. म्हणून आधी वायू बाहेर काढावा लागतो. आम्ल आणि क्लोरीनयुक्त द्रव्ये एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. हातमोजे, चष्मा आणि खेळती हवा आवश्यक आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

अमेरिकेत घरगुती बिअरनिर्मितीस १९७८ च्या संघीय कायद्याने मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याविना मद्य तयार करणे गुन्हा आहे. बदलापूरसह ठाणे जिल्ह्यातही हाच नियम लागू आहे. त्यामुळे राज्यात केगची निगा हा प्रामुख्याने परवानाधारक व्यवसायांचा विषय ठरतो. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेली डूलाली ही राज्यातील आरंभीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक आहे. घरात बिनमद्य सोडा किंवा सरबत साठवण्यासाठी केग वापरल्यासही वरील पद्धत तशीच लागू पडते.

पात्राच्या स्वच्छतेवर पेयाचे भवितव्य ठरते, हे तत्त्व येथील परंपरेला नवे नाही. नीरा गोळा करताना मडक्याला आतून चुना लावतात. चुन्याच्या अल्कधर्मी गुणामुळे किण्वन रोखले जाते आणि नीरा गोड राहते. मडके तसे तयार केले नसल्यास काही तासांतच तिची ताडी होऊ लागते.