बंडाचा अधिकार आणि पुसदचे गवत

राज्याची आज्ञा नागरिकाने का पाळावी, हा राज्यशास्त्रातील जुना प्रश्न. त्याच्याच पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे : ती केव्हा पाळू नये? याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात ते सापडते.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह देशभर पसरला. परंतु वऱ्हाडाला समुद्र कोठला? म्हणून येथे जंगल कायदा निवडण्यात आला. राखीव जंगलातील चराई, गवत व सरपण सरकारी परवान्याखाली होते आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तो रोजच्या जगण्याचा प्रश्न होता. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसद येथे राखीव जंगलातील गवत परवान्याविना कापण्यात आले. अणे यांनी शांतपणे अटक पत्करली. ते स्वतः वकील होते. आपण काय करीत आहोत हे त्यांना पुरते ठाऊक होते.

हे कृत्य न्याय्य होते काय? हॉब्जच्या मते राजसत्ता कशीही असली तरी अराजकापेक्षा बरी. उलट लॉकने सांगितले की, राज्य हा विश्वासाने सोपविलेला ठेवा आहे. विश्वासघात झाला की लोक तो परत घेऊ शकतात. पण विश्वासघात झाला, हे ठरवायचे कोणी? प्रत्येकजण आपल्याच फिर्यादीचा न्यायाधीश झाला, तर हॉब्जची भीती खरी ठरेल.

म्हणून तीन कसोट्या लावाव्या लागतात. अन्याय गंभीर व अनेकांना भोगावा लागणारा हवा. दाद मागण्याचे सनदशीर मार्ग बंद हवेत. आणि साधन असे हवे की त्याची झळ निरपराधाला न लागता करणाऱ्यालाच सोसावी लागेल. पुसदचा सत्याग्रह तिन्हींना उतरतो. त्या काळी मतदानाचा हक्क मालमत्तेवर अवलंबून होता. गवत कापणाऱ्या बहुसंख्यांना कायदे करणाऱ्यांच्या निवडीत स्थानच नव्हते.

स्वातंत्र्यानंतर दुसरी कसोटी बदलली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत बजावले की, सनदशीर मार्ग खुले असताना सत्याग्रहासारखे मार्गही सोडले पाहिजेत. परंतु सरकारनेच ते मार्ग बंद केले तर? जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्या. खन्ना यांचा अपवाद वगळता, स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद असल्याचे मान्य केले. १९७७ मध्ये मतपेटीचे दार उघडताच जनतेने ते सरकार शांतपणे घालविले. दार उघडे असेल तर लोक भिंत फोडीत नाहीत, हाच याचा अर्थ.

तथापि एक अवघड प्रश्न उरतोच. दार कागदावर उघडे असेल, पण गरिबाला तेथवर पोचताच येत नसेल, तर ते उघडे म्हणावे काय? माझ्या मते अशा वेळी शस्त्र उचलणे समर्थनीय नाही. परंतु शिक्षा पत्करून उघडपणे केलेला कायदेभंग अपराध म्हणून झटकूनही टाकता येणार नाही.

कायदा मोडणारे हेच अणे १९४८ मध्ये बिहारचे राज्यपाल झाले. त्यांचे बंड कायद्याच्या राज्याविरुद्ध नव्हते; ज्यांना कायद्यात आवाज नव्हता, त्यांच्यासाठी होते. न्याय्य बंडाची ओळख हीच होय.