मांजरेच्या काठी पाणघोडा

धर्माबादजवळ, तेलंगणाच्या सीमेवर कंदकुर्ती येथे गोदावरीला मिळणारी मांजरा उन्हाळ्यात जागोजागी कोरडी पडते. याच नदीत एकेकाळी पाणघोडे डुंबत होते! लातूर जिल्ह्यातील हारवाडी परिसरात नदीच्या जुन्या गाळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना पाणघोडा, हत्ती, रानटी गुरे यांचे जीवाश्म सापडले आहेत.

मराठवाड्याचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हे जीवाश्म मात्र त्यावर नदीने नंतर पसरलेल्या वाळू-गोट्यांत व गाळात मिळतात. मेलेले जनावर गाळात लवकर गाडले गेले, तर हाडांच्या छिद्रांत पाण्यातील खनिजे साचतात आणि हाड जड, दगडासारखे होते.

सस्तन प्राणी ओळखायला दात फार उपयोगी. दातावरचे एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ, म्हणून तो जास्त टिकतो. हत्तीच्या दाढेवर जात्याला टाकी लावल्यासारख्या आडव्या पट्ट्या असतात. त्यांची संख्या आणि एनॅमलची जाडी पाहून प्रजाती ठरवता येते. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच एकामागून एक येतात. त्यामुळे दाढ कितवी आणि किती झिजली, यावरून वयाचाही अंदाज बांधता येतो.

पाणघोड्याला बारमाही पाणी आणि जवळच भरपूर गवत लागते. म्हणूनच त्याचा एक दातही तेव्हाच्या मांजरेच्या हवामानाचा पुरावा ठरतो. आज पाणघोडा निसर्गात फक्त आफ्रिकेत उरला आहे. नदीकाठी असे जड हाड दिसले, तर ते उचलू नका; जागेचा फोटो काढून पुरातत्त्व विभागाला कळवा. कोणत्या थरात सापडले हे हरवले, तर त्याचा काळ ठरवणे अवघड होते.