‘७८६’ : अक्षरांचा हिशेब आणि प्रार्थनेचा अर्थ

हिंगोलीच्या बाजारातून सहज एक फेरी मारली तरी एक आकडा दृष्टीस पडल्यावाचून राहत नाही. कोठे दुकानाच्या पाटीवर, कोठे मालमोटारीच्या कपाळावर, तर कोठे हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर ‘७८६’ लिहिलेले असते. ज्याच्या पाटीवर ‘श्री’ आहे आणि ज्याच्या पाटीवर ‘७८६’ आहे, असे दुकानदार आपल्या गावांतून पिढ्यान् पिढ्या शेजारी बसत आले आहेत. तथापि हा आकडा आला कोठून, असे विचारले तर ‘त्यांचा शुभ आकडा आहे’ यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही. शेजाऱ्याच्या दारावरील अक्षर वाचता येऊ नये, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. म्हणून आज या आकड्याची फोड करून पाहू.

आपण आकडे लिहिण्यासाठी निराळी चिन्हे वापरतो. प्राचीन काळी अनेक लोक अक्षरांकडूनच आकड्यांचे काम करून घेत. ग्रीक आणि हिब्रू लोकांची हीच रीत होती व अरबांचीही होती. अरबी लिपीच्या जुन्या क्रमातील अलिफ, बे, जीम, दाल या पहिल्या चार अक्षरांवरून या पद्धतीला ‘अबजद’ असे नाव पडले. पहिल्या नऊ अक्षरांना १ ते ९, पुढील नऊ अक्षरांना १० ते ९०, त्यापुढील नऊ अक्षरांना १०० ते ९०० आणि अखेरच्या गैन या अक्षराला १०००, अशी ही अठ्ठावीस अक्षरांची वाटणी आहे.

आता ‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’, म्हणजे ‘परम कृपाळू, परम दयाळू अल्लाहच्या नावाने’, हे वाक्य घेऊ. ‘बिस्म’ या शब्दात बे २, सीन ६०, मीम ४०, म्हणजे १०२. ‘अल्लाह’ या नावात अलिफ १, लाम ३०, पुन्हा लाम ३० आणि छोटी हे ५, म्हणजे ६६. ‘अर्-रहमान’मध्ये अलिफ १, लाम ३०, रे २००, बडी हे ८, मीम ४०, नून ५०, म्हणजे ३२९. ‘अर्-रहीम’मध्ये अलिफ १, लाम ३०, रे २००, बडी हे ८, ये १०, मीम ४०, म्हणजे २८९. चारही शब्दांची बेरीज बरोबर ७८६ होते. अक्षरे एकूण एकोणीस आहेत.

या आकड्याचा वापर मुख्यत्वे आपल्या भारतीय उपखंडात रूढ झाला. त्यामागील भावना आदराची आहे. पत्राचा किंवा पावतीचा कागद उद्या पायदळी येऊ शकतो. त्यावर ईश्वराचे नाव लिहून त्याचा अवमान होऊ नये, म्हणून नावाऐवजी आकडा लिहिला जाऊ लागला. सर्वच उलेमांना ही प्रथा मान्य आहे असे मात्र नाही. आकडा लिहिल्याने नाव घेतल्याचे पुण्य लाभत नाही, असे त्यांच्यापैकी अनेकांचे स्पष्ट मत आहे.

आपल्या या भागाला ही विद्या अगदीच परकी नाही. १९४८ पर्यंत हिंगोली हैदराबाद संस्थानात होती आणि त्या राजधानीच्या चारमिनाराचा काळ अबजदनेच सांगितला जातो. ‘या हाफिज’, म्हणजे ‘हे रक्षणकर्त्या’, या शब्दांची बेरीज १००० होते. हिजरी १००० हे साल इसवी सन १५९१ मध्ये सुरू झाले. वास्तूचे साल सांगण्याची आणि त्याच वेळी प्रार्थना करण्याची ही युक्ती मोठी रम्य आहे. आपल्याकडील कटपयादी पद्धतीतही असेच घडते. ‘जय’ या शब्दातील ज म्हणजे ८, य म्हणजे १. अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे असल्यामुळे १८ मिळतात आणि ‘जय’ हे जुने नाव धारण करणाऱ्या महाभारताची पर्वेही अठराच आहेत.

येथवर सारे गोड आहे. अडचण सुरू होते ती पुढे, बेरजेला पुरावा मानले की. नमाजात वारंवार उच्चारला जाणारा घोष म्हणजे ‘अल्लाहु अकबर’. अल्लाह ६६ आणि अकबर २२३ मिळून २८९ होतात. वर आपण पाहिलेल्या ‘अर्-रहीम’चीही बेरीज २८९ होती. शिवाय २८९ म्हणजे १७ गुणिले १७. दिवसाच्या पाच नमाजांतील अनिवार्य रकाती मोजाव्यात, तर २, ४, ४, ३ आणि ४ मिळून त्याही १७ च होतात! ऐकणारा थक्क होतो. हा केवळ योगायोग कसा असेल, असे त्याला वाटू लागते.

परंतु दुसरे उदाहरण पाहा. ‘हरे कृष्णा’ ही अक्षरे उर्दू लिपीत हे, रे, ये, काफ, रे, शीन, नून, अलिफ अशी लिहिली, तर ५, २००, १०, २०, २००, ३००, ५० आणि १ मिळून ७८६ च भरतात. यावरून दोन धर्म एक झाले असेही नाही आणि कोणी कोणाचे काही पळवले असेही नाही. शेवटचा अलिफ गाळून ‘कृष्ण’ लिहिले की ७८५ उरतात. मोरोक्कोकडील जुन्या अबजदमध्ये सीनची किंमत ६० नसून ३०० आहे. त्या हिशेबाने बिस्मिल्लाहची बेरीज १०२६ होते. वाक्य तेच, श्रद्धा तीच, आकडा मात्र निराळा!

मग जुळणी इतक्यांदा होते कशी? गणितशास्त्राचे उत्तर सोपे आहे. एखाद्या सभेत तेवीस माणसे जमली, तर त्यांपैकी कोणा दोघांचा जन्मदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. वाक्ये हजारो आणि बेरजा मात्र काही शेकड्यांच्या घरातल्या, म्हणून त्या एकमेकींवर आदळणारच. न जुळलेल्या बेरजा आपण विसरतो आणि जुळलेली तेवढी लक्षात ठेवतो.

हा विसर कोठवर नेतो, याचे उदाहरण गेल्या शतकात घडले. मूळचे इजिप्तचे, अमेरिकेत स्थायिक झालेले रशाद खलिफा नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. बिस्मिल्लाहच्या एकोणीस अक्षरांवरून त्यांनी १९७४ च्या सुमारास असा सिद्धांत मांडला की, सारे कुराण १९ या संख्येच्या चौकटीत बसवलेले आहे. मोजणीला संगणकही जुंपला. पुढे नवव्या अध्यायातील शेवटची दोन वचने हिशेबात बसेनात, तेव्हा हिशेब सोडण्याऐवजी त्यांनी ती वचनेच प्रक्षिप्त ठरवली! मुस्लिम विद्वानांनी त्यांचे म्हणणे साफ नाकारले. ग्रंथासाठी आकडा होता, त्याऐवजी आकड्यासाठी ग्रंथ झाला.

आपल्या गावपातळीवरही याची लहान रूपे दिसतात. क्रमांकात ७८६ असलेली नोट लोक दुप्पट-चौपट किमतीला घेतात. दुसरीकडे कोणी तोच आकडा आरशात धरून त्यात ॐ शोधतो आणि त्यावरून वाद उकरून काढतो. दोघांचीही चूक एकच आहे. आकडा हे केवळ खुणेचे चिन्ह होते, हे दोघेही विसरले.

प्रार्थनेत मोजणीला स्थान नाही असे नव्हे. नमाजानंतर तसबीहवर ३३, ३३ आणि ३४ वेळा ईश्वराचे स्तवन करतात. आपल्याकडील जपमाळेत १०८ मणी असतात. पण तेथे मोजणी मनाला बांधून ठेवण्यापुरती आहे, अर्थ काढण्यासाठी नाही. नमाजाला उभा राहिलेला मनुष्य ‘सातशे शहाऐंशी’ म्हणत नाही. तो शब्दच उच्चारतो आणि त्या शब्दांत कृपेचा व दयेचा उल्लेख दोनदा येतो. नामदेवांच्या नर्सीजवळ राहणाऱ्या आपणा हिंगोलीकरांना हे निराळे सांगावयास नको. नामदेवांनी जन्मभर महिमा गायिला तो नामाचा.

उद्या बाजारात तो आकडा दिसला, तर त्याची बेरीज आठवावी. मात्र बेरजेशी न थांबता तिच्यामागील वाक्यही आठवावे.