गाडीत नकाशा लावायचा कुठे?

आमच्याकडे गाडी आली तेव्हा पहिल्याच दिवशी डॅशबोर्डवर गणपती बसला आणि दुसऱ्या दिवशी काचेवर मोबाइलचा स्टँड. गणपतीची जागा मी ठरवली, स्टँडची ह्यांनी. दोन्ही जागा चुकल्या होत्या, हे कळायला दीड वर्ष गेलं.

तुम्ही म्हणाल, भिवंडीत राहून नकाशा कशाला हवा? अगदी बरोबर. अंजूरफाटा, कल्याण नाका, वंजारपट्टी नाका मी डोळे मिटून सांगेन. पण गावाबाहेर पडलं की गोदामांमागे गोदामं आणि रोज नवा फाटा. त्यात जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आमणे तर आमच्याच तालुक्यात! मी गाडी शिकले चाळिशीत. बचत गटांच्या कामासाठी पडघा, अंबाडी, वज्रेश्वरीकडे जाते, तेव्हा फोनमधल्या बाईचा आवाज सोबतीला लागतोच. पूर्वी यासाठी वेगळं जीपीएस यंत्र मिळायचं. रबरी वाटीने ते काचेला चिकटवायचं. आता ते काम फोन करतो, पण वाटी तीच आणि प्रश्नही तोच.

ह्यांनी स्टँड लावला होता समोरच्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात, खिडकीजवळच्या खांबाला लागून. नजरेजवळ, हाताजवळ, सोयीचा. पावसाळ्यातली एक संध्याकाळ. मीच चालवत होते. कल्याण नाक्याजवळ उजवीकडे वळायला लागले आणि फोनच्या मागून अचानक एक बाई उगवली. कडेवर पोर, हातात डब्याची पिशवी. कामावरून घरी निघालेली असावी. ब्रेक लागला, देवाची कृपा. बॉनेटपासून हातभर अंतरावर ती थांबली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि निघून गेली. मी मात्र पुढे जाऊन गाडी कडेला लावली. पाय थरथरत होते.

ती उगवली नव्हती हो, ती तिथेच होती. तो खांबच आधी एक माणूस झाकतो. त्याला फोन जोडला की माणूस आणि कडेवरचं पोर दोन्ही झाकतात.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागले. इंग्लंडमध्ये आपल्यासारखंच स्टिअरिंग उजवीकडे. तिथे गाडीच्या वार्षिक तपासणीत स्टिअरिंगच्या मध्यासमोरचा काचेचा २९० मिलिमीटर रुंदीचा पट्टा विशेष जपतात. वायपर पुसतो त्या भागात, या पट्ट्यामध्ये १० मिलिमीटरहून मोठा अडथळा चालत नाही. म्हणजे आपल्या टिकलीएवढा! अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात २००९पासून असं यंत्र काचेवर लावू देतात, पण खालच्या कोपऱ्यांतच, ठरलेल्या मापात आणि एअरबॅगच्या वाटेत न येता. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२०पासून नियम आहे की गाडी चालवताना फोन फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरायचा, आणि तोही चालवणाऱ्याचं लक्ष ढळणार नाही असा.

एअरबॅगचं वाचलं आणि मला आमचा गणपती आठवला. डाव्या सीटसमोर डॅशबोर्डवर ‘एअरबॅग’ अशी अक्षरं कोरलेली असतात. आम्ही नेमकी त्यांच्यावरच पितळी मूर्ती चिकटवली होती. धडक बसली की ती पिशवी पापणी लवायच्या आत फुगते आणि तिच्यावर जे असेल ते समोरच्यावर फेकते. समोर कोण? बहुतेक घरांत आपणच. मूर्ती असो, अत्तराची बाटली असो की फोनचा स्टँड, ते कुठे चिकटवायचं हे चालवणारा ठरवतो आणि लागणार डाव्या सीटवरच्या बाईला. मैत्रिणींनो, आज गाडीत बसाल तेव्हा ती अक्षरं शोधा. काही गाड्यांत ती खांबावरही असतात.

मग लावायचा कुठे? आमचा स्टँड आता दोन्ही सीटच्या मध्ये, रेडिओच्या उंचीला आहे. काच पूर्ण मोकळी. नजर जरा खाली जाते, हे खरं. समृद्धीवर १२०च्या वेगात एका सेकंदात गाडी ३३ मीटर पुढे जाते, म्हणून मी तिकडे बघतच नाही, कानाने ऐकते. पत्ता निघायच्या आधी घालायचा, आवाज मोठा ठेवायचा, मधे काही बदलायचं असेल तर शेजारच्याने बदलायचं. एकटी असेन तर थांबून. एसीच्या जाळीला अडकवायचा चिमटाही मिळतो. त्याने फोन थंड राहतो, पण आमच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत जड फोनने जाळीची पात मोडली, तेव्हा तो नाद सोडला. रबरी वाटी मे महिन्यात बंद गाडीत हमखास सुटते. साबणाने धुऊन, कोमट पाण्यात बुडवून, पुसून लावली की पुन्हा धरते. चार्जरची वायर गिअरपाशी लोंबू देऊ नका.

राहिला गणपती. सासूबाईंना आधी अजिबात पटेना. “देवाला काय हलवायचं?” शेवटी समोरच्या खणात एक छोटी तसबीर ठेवली. आता त्या पुढे बसल्या की आधी खण उघडतात, हात जोडतात, खण बंद करतात आणि मग मला विचारतात, “पट्टा लावू ना गं?”